'खौफपूर' : एका रात्रीनंतरची कादंबरी

इंद्रा सिन्हा यांची 'ॲनिमल्स पीपल' (२००७) ही इंग्रजी कादंबरी १९८४ च्या भोपाळ वायुकांडावर बेतलेली आहे. मात्र तीत भोपाळचे नाव नाही. शहर आहे 'खौफपूर'. उर्दूत खौफ म्हणजे भीती. भीतीच ज्यांचा पत्ता झाली, त्या कारखान्यालगतच्या गरीब वस्त्यांची ही कथा.

निवेदक 'ॲनिमल' त्या रात्रीच्या काही दिवस आधी जन्मलेला. पुढे त्याची पाठ वाकते, तो हातापायांवर चालू लागतो. त्याला ती रात्र आठवत नाही. वाट्याला येतात विहिरींत मुरलेले विष आणि कोर्टात हजर न होणारी 'कंपनी'. लेखकाचा भर या नंतरच्या वर्षांवर आहे, हेच कादंबरीचे बळ. अखेरीस कारखान्याला आग लावून लेखक पुन्हा एका भयंकर रात्रीकडे वळतो, तेथे मात्र ती सैलावते. संथ विषाला असा नाट्यमय शेवट नसतो.

जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या कारखान्यातील सुमारे ३३७ टन कचरा आपल्या इंदूरजवळील पीथमपूरला नेण्यात आला. स्थानिकांनी विरोध केला, तरी त्याच वर्षी तो तेथे जाळला गेला. वर्गात आपण भोपाळला 'दुर्घटना' म्हणतो. दुर्घटना घडून संपते. अन्याय जागा बदलतो. हा भेद विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी ही कादंबरी शिकवावी.