जुन्या रायफलींचे स्क्रू व त्यांची दुरुस्ती

जुन्या शस्त्रांच्या जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जे अपराध घडतात त्यांपैकीं नळीवरील गंज खरडून तिचा आरसा करणें हा अपराध कोणाच्याही नजरेस येतो. परंतु खांच बिघडलेला स्क्रू टाकून देऊन त्याच्या जागीं नवा बसविला तर त्यास कोणी दोष देत नाहीं. उलट ती टापटीप समजली जाते. आमच्या मतें पुराव्याचा नाश या दुसऱ्या प्रकारांत कमी होत नाहीं.

इंग्लंडांतील १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल घ्या. १८५७ सालच्या काडतुसांच्या प्रकरणामुळें ती आपल्या वाचकांस नांवानें तरी परिचित आहे. या एकाच नमुन्याच्या रायफली दोन भिन्न रीतींनीं तयार होत. बर्मिंगहॅमचे कारागीर प्रत्येक स्क्रू त्याच्या भोकाशीं हातानें जुळवीत. एकीचा स्क्रू दुसरीस बसेलच असा भरंवसा नसे. म्हणून सुट्या भागांची सरमिसळ होऊं नये यासाठीं घोडा व कमान धरणारी पट्टी, तिचे भाग आणि स्क्रू यांवर कानशीनें बारीक सारख्या खुणा करीत. याउलट १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनांत अमेरिकेच्या व्हर्माँट संस्थानांतील रॉबिन्स व लॉरेन्स यांनीं सहा रायफली मांडल्या, त्यांचे भाग एकमेकींस बसत. पुढें एन्फील्डच्या सरकारी कारखान्यानें अमेरिकन यंत्रें आणविलीं, आणि तेथील रायफलींस अशा खुणांची गरज उरली नाहीं. तेव्हां स्क्रूवरील खूण म्हणजे पोथीच्या पानावरील पत्रांकच होय. पान मूळचें कीं मागाहून घातलेलें, हें तोच सांगतो. त्यावर हरताळ फासणाऱ्यास आपण संशोधक म्हणत नाहीं. मग स्क्रूच्या बाबतींत ही सवलत कां?

हानि येथेंच थांबत नाहीं. व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं मळसूत्रांसाठीं ५५ अंशांच्या कोनाचें एक प्रमाण सुचविलें खरें. पण बंदुका करणारे त्यानंतरही आपापल्याच मळसूत्रांस धरून राहिले. त्यामुळें बाजारचा स्क्रू जुन्या भोकांत बसत नाहीं. मग दुरुस्त करणारा भोकांतच नवे आटे पाडतो, आणि क्षुल्लक किंमतीच्या स्क्रूपायीं मूळची पट्टी कायमची बिघडते.

वास्तविक खांच बिघडते ती बहुधा पाचरीसारख्या निमुळत्या पात्याच्या पेचकसानें. असें पातें खांचेच्या तळास पोंचत नाहीं. तें वरच्या कडांवर जोर देऊन निसटतें व तेथील धातु वर उचलली जाते. ती नाहींशी झालेली नसते, केवळ सरकलेली असते. आटे तांब्याच्या पत्र्यांमध्यें धरून लहान गुळगुळीत हातोडीनें ती हळूहळू परत बसवावी आणि पातळ कानशीनें खांच साफ करावी. माथा कठीण केलेला असल्यास तो प्रथम लाल तापवून सावकाश निवूं द्यावा, नाहीं तर ठोकतांना तडकण्याचें भय असतें. खांच आणखी खोल व रुंद करण्याचा सोपा उपाय आम्हांस मुळींच मान्य नाहीं. जुन्या खांचेचा अरुंदपणा हेंही तिचें एक लक्षण आहे. माथा कानशीनें सपाट करणें तर त्याहून वाईट, कारण त्यांत गोलाई आणि खूण दोन्ही जातात. सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविल्यानें येणारा निळा रंग पुष्कळांस मोह घालतो. पण तपकिरी झालेल्या शेजाऱ्यांमध्यें तो स्क्रू लग्नांतल्या वऱ्हाड्यासारखा दिसतो!

स्क्रूचा दांडाच तुटला असेल तर नवा करावाच लागतो, हें कबूल. तो जुन्या आट्यांच्या मापानें करावा, भोकास हात लावूं नये. तुटलेला तुकडा चिठ्ठीसह रायफलीजवळ जपून ठेवावा, आणि नव्या दांड्यावर, बाहेरून दिसणार नाहीं अशा जागीं, तो केल्याचें साल कोरावें.