उठतें-बसतें मेज : एक परीक्षण

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत लिहिण्याच्या मेजाचें परीक्षण आलेलें पाहून कित्येक वाचक बुचकळ्यांत पडतील. ग्रंथ, नाटक, फार तर चित्र किंवा गाणें, हे परीक्षणाचे विषय; लाकूडसामानाचें काय तें सुतार व गिऱ्हाईक पाहून घेतील, असें त्यांना वाटणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या आसनावर बसून ग्रंथ लिहिले जातात त्याचा ग्रंथांशीं कांहींच संबंध नाहीं, असें आम्हांला वाटत नाहीं. शिवाय ज्या साधनाविषयीं आम्ही येथें लिहीत आहों त्याच्या मागें एक मत आहे. मनुष्यानें सारा दिवस बसून काम करूं नये, अधूनमधून उभ्यानें करावें, हें तें मत. आणि जेथें मत आलें तेथें टीकाकाराला बोलण्याचा अधिकार आला.

हें साधन म्हणजे पुरतें मेज नव्हे. घरांत असलेल्या टेबलावर ठेवावयाचें तें एक दुसरें मेज आहे. खालीं पाया, वर रुंद फळी, तिच्यावर संगणकाचा पडदा. तिच्या पुढें किंचित् खालीं दुसरी अरुंद फळी, तिच्यावर कळफलक व माउस. पाया आणि फळी यांच्यामध्यें कात्रीसारखे दुमडणारे बाहु किंवा सरळ खांब, आणि त्यांना हलविणारी एक लहानशी विजेची मोटर. एक कळ दाबली कीं सारी मांडणी हळूहळू सुमारें हातभर वर चढते. दुसरी दाबली कीं खालीं उतरते. बसलेला मनुष्य खुर्ची मागें सारून उभा राहतो व काम जेथें थांबलें होतें तेथूनच पुढें चालूं होतें.

शहाडसारख्या गांवीं या वस्तूचा प्रवेश कसा झाला, तें सांगितल्यावांचून तिचें मर्म कळणार नाहीं. कल्याण सोडल्यावर कसाऱ्याच्या मार्गावरचें पहिलें स्थानक तें शहाड. कल्याणपासूनच मुंबई सुमारें ५४ किलोमीटर. येथील नोकरदार वर्ग पिढ्यान् पिढ्या कचेरींत बसत आला आणि लोकलच्या डब्यांत उभा राहत आला. एका दृष्टीनें त्याच्या दिवसांत बसणें व उभें राहणें यांची वांटणी रेल्वेनेंच करून ठेविली होती. मार्च २०२० मध्यें सर्वसामान्य उतारूंना लोकल बंद झाली. मधला थोडा सवलतीचा काळ सोडला तर, लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना ती १५ ऑगस्ट २०२१ पासून खुली झाली. या अवधींत पुष्कळांची कचेरी घरांत आली, आणि कांहींची ती घरांतच राहिली. डब्यांतील उभें राहणें संपलें, बसणें मात्र दुप्पट झालें. कंबर व मान यांनीं तक्रार सुरू केली, आणि पूर्वीं जें फुकट व सक्तीनें मिळत होतें तें उभें राहणें आतां पैसे देऊन घरीं आणावें लागलें.

या साधनाच्या पाठीराख्यांचा युक्तिवाद आरोग्याचा आहे. त्याची छाननी करणें अवश्य आहे, कारण जाहिरातींत तो अर्धाच सांगितला जातो. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यानें १७०० सालीं कामकऱ्यांच्या रोगांवर आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. त्यांत बैठ्या धंद्यांचीं दुखणीं आहेत, आणि उभ्यानें कराव्या लागणाऱ्या धंद्यांचींहि आहेत. जाहिरातदार पहिला भाग घेतात व दुसरा सोडून देतात. १९५३ सालीं जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी हांकणाऱ्या चालकांत हृदयाचे विकार वाहकांपेक्षां अधिक आढळले. पण तो वाहक काय करीत होता? दुमजली गाडीच्या जिन्यावरून तो दिवसभर खालीं-वर करीत होता. त्याला तारलें असेल तर त्या जिन्यानें; नुसतें एका जागीं उभें राहण्याच्या बाजूनें हा पुरावा उभा करतां येत नाहीं.

अलीकडील संशोधनहि याच दिशेचें आहे. २०१८ सालीं कॉक्रेन या संस्थेनें तोंवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. अशा मेजांमुळें कामावरील बसणें पहिल्या कांहीं महिन्यांत दिवसाला सरासरी सुमारें १०० मिनिटांनीं कमी होतें असें दिसलें, पण त्यामुळें प्रकृति सुधारतेच असें म्हणण्याइतका भक्कम पुरावा हातीं आला नाहीं. बसण्याऐवजीं उभें राहिल्यानें शरीराचा खर्च मिनिटाला सुमारें ०.१५ उष्मांकानें वाढतो. तासभर उभें राहून जें खर्ची पडतें तें चहांतील चमचाभर साखरेच्या जेमतेम निम्मे आहे. २०२४ सालीं ८० हजारांहून अधिक ब्रिटिश लोकांच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष तर असा कीं, अधिक वेळ उभें राहिल्यानें हृदयविकाराचा धोका कमी होत नाहीं. उलट पायांच्या शिरा फुगण्यासारखे रक्ताभिसरणाचे विकार वाढतात. तेव्हां उभें राहणें हें औषध आहे, हें मत टिकत नाहीं. टिकतें तें एवढेंच कीं, एकाच स्थितींत फार वेळ राहणें वाईट, मग ती स्थिति कोणतीहि असो.

हा निष्कर्ष मराठी मनाला नवा वाटण्याचें कारण नाहीं. कोणतें बोलणें बसून करावें व कोणतें उभ्यानें, याचा विवेक आमच्या परंपरेंत सूक्ष्मपणें झालेला आहे. पुराणिक व प्रवचनकार बसतात. त्यांचें काम अर्थ उलगडण्याचें, शंका घेऊन ती फेडण्याचें. कीर्तनकार उभा राहतो. त्याला श्रोत्यांना हलवावयाचें असतें. ज्या जागेला आम्ही नारदाची गादी म्हणतों तिच्यावर कोणी बसत नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. शाहीर डफ घेऊन उभ्यानें पोवाडा गातो. लावणीचे तर फडाची व बैठकीची असे दोन प्रकारच आहेत. बैठकीच्या लावणींत जें नजरेनें व बोटांनीं सांगितलें जातें तें फडावर पायांनीं सांगावें लागतें. मैफलींतील गवई मांडी घालून राग फुलवितो, आणि संगीत नाटकांतील नट उभा राहून पद म्हणतो. येथें एक आसन श्रेष्ठ व दुसरें कनिष्ठ असें कोणीं मानलें नाहीं. कामाचा स्वभाव पाहून आसन ठरलें.

हीच कसोटी आम्हीं या मेजाला लावून पाहिली. आम्हां अध्यापकांचा निम्मा जन्म फळ्यापुढें उभ्यानें व निम्मा उत्तरपत्रिकांपुढें बसून जातो, त्यामुळें या बाबतींत आम्ही अगदींच अनभिज्ञ नाहीं. गेले कांहीं महिने शहाडच्या घरीं हें साधन वापरतांना आम्हांला असें आढळलें कीं, पत्रांचीं उत्तरें, दूरस्थ सभा, विद्यार्थ्यांशीं पडद्यावरून बोलणें, मुद्रितें मोठ्यानें वाचून तपासणें, हीं कामें उभ्यानें चांगलीं होतात. त्यांत पाल्हाळ कमी होतो. सभा तर उभ्यानें लवकर संपते, हा मोठाच लाभ. परंतु अवघड ग्रंथाचें वाचन, किंवा ज्यांत एका वाक्याला दुसऱ्याचा आधार लागतो असें लेखन, याला बैठकच हवी. मराठींत अभ्यासाला ‘बैठक’ लागते असें म्हणतात तें उगीच नव्हे. अर्ध्या तासाच्या वर उभें राहिलें कीं लक्ष विषयावरून निघून टांचेंत उतरतें.

यंत्र म्हणून त्याच्यांत गुण आहेत. हातानें उचलावयाच्या, वायूच्या दट्ट्यावर चालणाऱ्या प्रकारांत पडदा हिसका खातो. येथें चढउतार शांतपणें होते, व ज्यांच्या हातांत जोर नाहीं त्यांनाहि तें वापरतां येतें. दोषहि सांगितले पाहिजेत. आपल्याकडील टेबलें बहुधा अडीच फूट उंच असतात; त्यांवर या साधनाची जाडी आली कीं, ठेंगण्या मनुष्याला बसून टंकलेखन करतांना खांदे उचलावे लागतात, आणि मग खुर्ची वर घेऊन पायांखालीं पाट ठेवण्याची पाळी येते. कोपर काटकोनांत असावें व पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत असावी, हा साधा नियम आहे. पण पडदा व कळफलक जेथें एकमेकांना जोडलेले असतात असा लॅपटॉप नुसताच वर ठेवला तर दोहोंपैकीं एकच गोष्ट साधते. वीज गेली कीं मेज जेथें असेल तेथेंच राहतें, आणि बसलेल्याला बसलेलें व उभ्याला उभें राहावें लागतें. सर्वांत मोठा दोष मात्र जागेचा. हें साधन वजनदार असल्यामुळें रोज उचलून ठेवण्याजोगें नाहीं. दोन खोल्यांच्या घरांत टेबल एकच. त्यावर सकाळीं मुलाचा अभ्यास, दुपारीं कचेरी, रात्रीं इस्त्री. एकाच्या कमरेसाठीं तें टेबल कायमचें अडलें, कीं बाकीच्यांनीं जमिनीवर बसावें.

येथें आम्ही मुख्य आक्षेपाशीं येतों. हें मेज ज्याला विकलें जातें त्याला उभें राहण्याची संधि विकत घ्यावी लागते. पण ज्यांना बसण्याची संधि मिळावी म्हणून कायदा करावा लागला, असा फार मोठा वर्ग या देशांत आहे. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाच्या ४४ व्या कलमानें, उभ्यानें काम करावें लागणाऱ्या मजुरांना विश्रांतीची संधि मिळेल तेव्हां बसतां यावें म्हणून सोय ठेवणें कारखानदारांवर बंधनकारक केलें. शहाडची ओळख ज्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यानें झाली तेथील पाळ्यांत राबणाऱ्यांच्या मुलांपैकींच कांहीं आज घरीं संगणकापुढें बसतात, हें विसरतां येत नाहीं. दुकानांतील नोकरांपर्यंत हा हक्क पोंचण्यास तर फारच काळ लागला. कोळिकोडच्या दुकानांतून दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनीं चळवळ केली, तेव्हां कुठें २०१८ सालीं केरळनें व २०२१ सालीं तामिळनाडूनें विक्रेत्यांना बसण्याचा हक्क कायद्यांत लिहून दिला. शाळेंत बाकावर उभें करणें ही शिक्षा होती, हें आमच्या पिढीला ठाऊक आहे. स्वखुशीनें उभें राहणारा व उभा केलेला, या दोघांच्या पायांत एकच रक्त वाहत असलें तरी दोघांची स्थिति एक नसते. शहाडच्या बिर्ला मंदिरांतील विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा आहे. पण आईबापांची सेवा करणाऱ्या पुंडलिकानें वीट टाकली आणि देव तिच्यावर आपण होऊन उभा राहिला, म्हणून त्या उभें राहण्याला आम्ही प्रेम म्हणतों.

आणि कारखान्यापर्यंत तरी कशाला जावें? बसण्याउठण्याची खरी क्रांति मराठी घरांत या मेजाच्या कितीतरी आधीं होऊन गेली आहे, आणि तिच्यावर कोणीं परीक्षण लिहिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. पूर्वीं चूल जमिनीवर होती. बाई पाटावर बसून स्वयंपाक करी, विळीवर बसून भाजी चिरी. धुरानें डोळे जात, उठाबशीनें गुडघे जात. त्या काळाचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाहीं. पुढें गॅसची शेगडी आली. ती टाकीपेक्षां उंचावर असली पाहिजे, म्हणून ओटा आला, आणि स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली. ती अजून उभीच आहे. ओट्याची उंची गवंडी ठरवितो, बहुधा पावणेतीन फुटांच्या आसपास. बाई पांच फुटांहून ठेंगणी असो वा साडेपांच फूट उंच असो, ओटा तोच. त्याला कळ नाहीं, मोटर नाहीं, वर-खालीं होणें नाहीं. ज्या घरांत कचेरीच्या कामासाठीं विजेनें चढणारें मेज आलें, त्याच घरांत पहांटे पांचपासून ओट्यापाशीं उभ्या असलेल्या बाईला टेकावयास एक उंच स्टूलहि नसतें, हें आम्हीं पुष्कळ घरीं पाहिलें आहे. पगार मिळतो तें काम, आणि कामालाच साधन, अशी समजूत याच्या मुळाशीं आहे. मेज निर्दोष आहे. समजूत सदोष आहे.

तेव्हां आमचा अभिप्राय असा. ज्यांना दिवसाचे आठ तास पडद्यापुढें काढावे लागतात, ज्यांच्या घरीं टेबल अडवून ठेवण्याइतकी जागा आहे, त्यांनीं हें साधन खुशाल घ्यावें. मात्र त्याच्याकडून आरोग्याची अपेक्षा न करतां फक्त आसनबदलाची करावी, आणि दर तासाला दोन मिनिटें मेज सोडून चालावें, कारण लंडनच्या वाहकाचा जिना कोणत्याहि मेजांत बसविलेला नाहीं. ज्यांना तें परवडत नाहीं त्यांनीं टेबलावर घरचा चौरंग ठेवून पाहावा; निम्मा लाभ तेवढ्यानें होतो. शहाड, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यांत आज मजल्यांवर मजले चढत आहेत. त्या घरांचे नकाशे काढणाऱ्यांना आमची एवढीच सूचना आहे कीं, ओटा बांधण्यापूर्वीं त्याच्यापाशीं जिला उभें राहावयाचें आहे तिचें कोपर मोजावें, आणि ओट्याखालीं गुडघे शिरतील एवढी एक जागा मोकळी ठेवावी, म्हणजे तिला बसावेंसें वाटेल तेव्हां बसतां येईल.