विवेक पुस्तकात, मत सिनेटमध्ये

जेफ फ्लेक हे मॉर्मन, रिपब्लिकन आणि २०१७मध्ये ॲरिझोनाचे सिनेटर. त्या वर्षी त्यांनी ‘कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह’ लिहिलं. नाव उसनं, बॅरी गोल्डवॉटर यांच्या १९६०च्या पुस्तकाचं. पदावर असताना आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षावर, ट्रम्पवर, इतकं उघड लिहायला धाडस लागतं.

पण मला आवडतो तो यातला स्नोफ्लेकचा मुलगा. (हो, गावाचं नाव खरंच तेच, स्नो आणि फ्लेक या दोन मॉर्मन आडनावांवरून.) घरच्या रँचवर ते मेक्सिकन मजुरांसोबत राबले, त्यामुळे स्थलांतरितांबद्दल लिहिताना वाक्यांत माणसं दिसतात. शिवाय हाकललं जाणं मॉर्मनांना नवं नाही. १८३८मध्ये मिझुरीच्या गव्हर्नरने त्यांना संपवा किंवा राज्याबाहेर काढा, असा आदेशच काढला होता. तो अधिकृतपणे रद्द व्हायला १९७६ उजाडलं. अशा समाजातला माणूस मुस्लिमांवरच्या प्रवेशबंदीला विरोध करतो, तेव्हा ती श्रद्धा मला पटते.

मुक्त व्यापारावर आले की मात्र फ्लेक पोथी वाचू लागतात.

न पटणारा नेता पटणारं विधेयक घेऊन आला तर काय करायचं? पुस्तक इथे गप्प आहे. त्याच डिसेंबरात ट्रम्पच्या करकपातीला त्यांनी मत दिलं. म्यूलर चौकशीला संरक्षण देणारं विधेयक मतदानाला आणा, नाहीतर न्यायाधीशांच्या नेमणुकांना मत नाही, असं ते अडून बसले ते नोव्हेंबर २०१८मध्ये. तोवर पुन्हा निवडणूक लढवणार नाही, हे जाहीर करून त्यांना वर्ष झालं होतं.