‘डिफाय’ : अर्थ कोणाच्या बाजूचा?

वर्गात ‘डिफाय’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारला, तेव्हा आपल्याच वस्तीतला एक विद्यार्थी म्हणाला, “उद्धटपणा करणे.” दोष त्याचा नव्हे. हा हुकूम सोडणाऱ्याने लावलेला अर्थ आहे. आपण तो निमूटपणे पाठ केला आहे.

हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी निष्ठा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. निष्ठा तोडल्याचे जाहीर करणे हा मूळ अर्थ. आव्हान देणे, उघडपणे न जुमानणे हे अर्थ पुढचे. ‘डिसओबे’ चोरूनही करता येते. ‘रेझिस्ट’ करणारा समोरचा रेटा थोपवतो. ‘डिफाय’ करायचे तर चारचौघांतच करावे लागते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. म्हणजे तेथे कायदेभंग नव्हताच. भंगली ती रूढी. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा तर निष्ठा तोडल्याची जाहीर घोषणाच झाली.

याला उद्धटपणा कसे म्हणावे? माझ्या मते मराठीत ‘झुगारणे’ हाच जवळचा शब्द. त्यात मानेवरचे जू दिसते आणि ते फेकणारा माणूसही दिसतो. ‘उद्धटपणा’त फक्त जू ठेवणाऱ्याचा राग दिसतो. अर्थ शिकवताना आपण कोणाच्या बाजूने बोलतो, हे शिक्षकाने आधी ठरवावे.