माप आणि मापारी

धान्याच्या बाजारात शेतकरी मापावर जितकी नजर ठेवतो तितकीच, किंबहुना अधिकच, मापाऱ्याच्या हातावर ठेवतो. आपल्या सामाजिक संशोधनाने मात्र कोणत्या राशी मापावयाच्या हे ठरविण्यात जी असामान्य बुद्धी खर्ची घातली, तिचा अल्पांशही मापणाऱ्या हाताच्या, म्हणजे प्रश्नाच्या आणि प्रश्नकर्त्याच्या, परीक्षणात वेचलेला दिसत नाही.

याला एक सन्माननीय अपवाद आहे आणि तो शेतातला आहे. पिकाची आणेवारी ही पूर्वापार महसुली दफ्तराची बाब. ती ठरे नजरअंदाजाने, आणि साऱ्याची सूट-तहकुबी तिच्यावरच अवलंबून असल्यामुळे त्या नजरेने निर्विकार राहावे ही अपेक्षाच भाबडी होती. पुढे यादृच्छिक रीतीने निवडलेल्या तुकड्यातील पीक कापून तोलण्याचा प्रघात पडला, तेव्हा बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी लहान वर्तुळाकार तुकडे पसंत केले. त्यावर मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1946 च्या सुमारास असा आक्षेप घेतला की, तुकडा जितका लहान तितकी त्याची सीमारेषा क्षेत्राच्या मानाने लांब, आणि रेषेवरची रोपे आत ओढण्याकडेच कापणाऱ्याचा कल असल्याने उतारा फुगतो. हाताच्या कलाचेही माप घेता येते हे दाखवून देणारा हा वाद मला कित्येक प्रबंधांहून मोलाचा वाटतो.

पीक निदान तराजूत तरी घालता येते, संसाराचे काय? राष्ट्रीय नमुना पाहणी 1950 साली सुरू झाली, आणि त्या दशकाच्या आरंभीच बंगालमधील खेड्यांत घरोघरचे धान्य प्रत्यक्ष तोलून ते गृहस्थांनी आठवून सांगितलेल्या आकड्यांशी ताडून पाहण्यात आले. त्या कसोटीला आठवड्यापेक्षा महिन्याची आठवण अधिक उतरली, आणि महिन्याचा रिवाज रूढ झाला. नव्वदीच्या दशकात आठवड्याची मुदत पुन्हा अजमावली, तर तेच लोक अधिक खाताना आणि दारिद्र्य झपाट्याने ओसरताना दिसू लागले! एवढे कळूनही 1999-2000 च्या फेरीत अन्नखर्चासाठी दोन्ही मुदतींचे रकाने एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापले गेले. मग एका रकान्यातले उत्तर दुसऱ्याशी जुळवून घेण्याचा मोह सांगणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला, दोघांनाही, होणार हे सांगायला संख्याशास्त्री कशाला हवा? उत्तरांतील मेळ वाढला, पण तो मेळ म्हणजे सप्रमाणता नव्हे. 1993-94 मधील सुमारे 36 टक्के दारिद्र्य 26 वर आले, आणि त्या दहा टक्क्यांत खरी घट किती व रकान्यांची किमया किती, यावर अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे झगडत राहिले. ज्या रेषेखाली ही माणसे मोजायची, ती तरी कुठे निर्विवाद होती? अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली 2250 उष्मांकांचा आधार घेतला, तर माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते असे म्हणून सुखात्मे यांनी अशा एकाच सरासरी आकड्याने भुकेलेले मोजण्यालाच हरकत घेतली.

तथापि सर्वांत मोठी गफलत तराजूच्या आसपासही न येणाऱ्या कष्टांची आहे. दारात उभा राहून प्रगणक घरधन्याला विचारतो, बाई काय काम करतात? आणि जिने पहाटेपासून गोठा, पाणी, निंदणी-खुरपणी उरकलेली असते तिच्याविषयी उत्तर येते, “काही नाही, घरीच असते.” शेतातील वा घरच्या धंद्यातील बिनमजुरीचे कामही धरावे, असे शब्द त्या प्रश्नातच घालायला आपल्या जनगणनेला 1991 साल उजाडावे लागले.