सेतुबंधाच्या वाटेवर: शस्त्र आणि मंत्र

सेतुबंध रामेश्वरी पाऊस कोसळतो आहे आणि वानररूपातला मारुती भिजू नये म्हणून दरड कोरत बसला आहे. तेवढ्यात मच्छिंद्रनाथ तिथे येतो आणि त्याला हसतो. पाऊस डोक्यावर आल्यावर निवाऱ्याची आठवण झाली का, असे विचारतो. शब्दाला शब्द लागतो. यती म्हणवणाऱ्या या जोग्याची परीक्षा घ्यायची म्हणून मारुती डोंगर उपटून फेकू लागतो. जोग्याच्या हाती शस्त्र नाही. त्याच्याजवळ ओंजळभर पाणी आणि ओठांवर शाबरी मंत्र एवढेच आहे.

‘नवनाथ भक्तिसारा’च्या आरंभीच्या अध्यायांतला हा प्रसंग. शस्त्र श्रेष्ठ की मंत्र, हा झगडा जगभरच्या अद्भुतकथांत आहे. धुंडीसुत मालू कवीने तो मराठी ओवीत ज्या तऱ्हेने रंगवला, ती तऱ्हा मात्र जवळून न्याहाळण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे इथला मंत्र गडगडाट करत नाही, तो थांबवतो. मारुतीने फेकलेले डोंगर अधांतरी अडतात. शेवटी मच्छिंद्र वायूचे आकर्षण करणारा मंत्र जपून पाणी शिंपडतो, आणि मस्तकावर डोंगर तोललेला मारुती जागच्या जागी खिळून राहतो. मारुती वायुपुत्र आहे, त्याचे सारे बळ वाऱ्याचे. कवीने मंत्राचा घाव नेमका त्या मुळावर बसवला आहे. पुढे बाप वायूच मुलासाठी रदबदली करायला येतो. मच्छिंद्र पुन्हा पाणी शिंपडतो, डोंगर जागी जातो, मारुती मोकळा होतो आणि दोघांची मैत्री जुळते. अपमान करून सोडून देणे या कथेला मानवत नाही. ज्या हाताने बांधले, त्याच हाताने सोडवायचे, हा तिचा नियम पहिल्याच मोठ्या झुंजीत ठरून जातो.

हाच नियम चर्पटीनाथाच्या कथेत कसाला लागतो. इंद्राने नारदाला कळलाव्या म्हणून हिणवलेले असते. त्याचा वचपा काढायला नारद चर्पटीला अमरपुरीच्या बागेत फुले तोडायला नेतो. रखवालदार जोग्याला धरून मारतात आणि तिथून युद्ध पेटते. ऐरावतावर बसलेला इंद्र, देवांचे सैन्य, शिव आणि त्यांचे गण, अखेरीस विष्णू, असा शस्त्रांचा चढता क्रम मालू मांडतो. समोर एकटा चर्पटी आणि त्याचे वाताकर्षण अस्त्र. हे अस्त्र कापत नाही, जाळत नाही, श्वास ओढून घेते. रणांगणावर सारी सेना निपचित. भयाची ही जात वेगळीच आहे.

खरी मौज त्यापुढे आहे. जिंकलेला चर्पटी पडलेल्या देवांची आयुधे आणि भूषणे स्वतःच्या अंगावर चढवतो आणि त्या थाटात ब्रह्मदेवासमोर जाऊन उभा राहतो. ब्रह्मदेव हबकतो. हरलेल्याची वस्त्रे ल्यालेला विजेता किती विपरीत दिसतो, हे कवी उपदेशाचा एक शब्द न खर्चता दाखवून देतो. मग ब्रह्मदेवाच्या, म्हणजे आपल्या बापाच्या, सांगण्यावरून चर्पटी अस्त्र आवरतो आणि देव उठून बसतात. अद्भुत आणि हास्य हे दोन रस इथे एकमेकांना धक्का न लावता नांदतात.

ही खोड मोडल्यावर इंद्राला त्या विद्येचीच ओढ लागते. सिंहलद्वीपात यज्ञ मांडून तो नाथांना बोलावतो. मच्छिंद्र आपल्या मुलाला, मीननाथाला, शिकवत असताना स्वर्गाचा हा राजा मोराचे रूप घेऊन लपून ऐकतो. चोरी उघडी पडते आणि विद्या निष्फळ होण्याचा शाप मिळतो. पुढे उःशापही मिळतो, पण तपश्चर्येच्या अटीवर. सैन्यवाल्याला मंत्र हवा असेल तर त्याने शिष्य व्हावे, हेरगिरी करू नये, असा या प्रसंगाचा रोख मला दिसतो.

चाळीस अध्यायांचा हा ग्रंथ शके 1741, म्हणजे 1819 साली पूर्ण झाला. आदल्याच वर्षी पेशवाई बुडाली होती. नाथांच्या कथा त्याहून कितीतरी जुन्या आहेत, तेव्हा तो ग्रंथ त्या पराभवातून जन्मला असे म्हणता येणार नाही. पण तलवारी म्यान झालेल्या मुलखात, निःशस्त्र जोगी सैन्याला थोपवतो ही गोष्ट श्रोत्यांनी वेगळ्या कानांनी ऐकली असेल, असे मला वाटते.

त्याच काळात दक्षिणेतल्या मराठ्यांनी या झगड्याचा वेगळा शेवट लिहिला. 1799च्या तहाने तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांकडून राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. 1803 साली त्यांनी भोसले कुळाची पराक्रमगाथा बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतली. त्याच सुमारास तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या वाटेवर, ओरत्तनाडुला, आपली सहचरी मुक्तांबा हिच्या नावाचे छत्र त्यांनी उभे केले. रामेश्वराच्या यात्रेकरूंना या छत्रांत अन्न आणि निवारा मिळे. दगडातले घोडे आणि हत्ती जणू ही इमारत रथासारखी ओढत आहेत, अशी तिची घडण आहे. युद्धाची वाहने इथे अन्नछत्राला जुंपली आहेत. सेतुबंधावरच्या झुंजीची कथा डोक्यात घेऊन निघालेल्या यात्रेकरूला याहून समर्पक मुक्काम कोणता?

सरफोजींच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. त्यातही इंद्राचीच नगरी आहे आणि भटकी विद्यावंत आहे. तमिळ कुरवंजीत डोंगरातली कुरत्ती नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींची कुरवंजी पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगते, देश आणि खंड मोजून दाखवते. मंत्राच्या जागी ज्ञान आले, पण स्वर्गाने वाटसरूकडून शिकायचे ही मांडणी तीच राहिली. मालूचा इंद्र चोरून ऐकतो, तर तंजावरच्या देवनगरीत ती विद्या उघड्या सभेत गायली जाते.

म्हणून मला ‘नवनाथ भक्तिसार’ हे मंत्राच्या विजयाचे काव्य वाटत नाही. त्यातल्या झुंजी रंगतदार आहेतच, पण त्यांची खरी गोडी झुंज संपल्यानंतरच्या ओव्यांत आहे, जिथे जिंकणारा खाली वाकतो आणि पडलेल्यांना उठवतो. पारायणात आपण त्या ओव्या पुढच्या चमत्काराच्या ओढीने भरभर वाचतो. त्या सावकाश वाचाव्यात. सैनिक आणि मांत्रिक यांच्यातला मोठा कोण, याचे मालूने दिलेले उत्तर त्याच ओव्यांत आहे: पाडणारे दोघेही असतात, ज्याला उठवता येते तो मोठा.