संशोधनपत्रिकेचा उंबरठा

दिवाळी अंक घरात आला की आधी अनुक्रमणिका उघडण्याची खोड बहुतेक वाचकांना असते. कुणाची कथा आहे, आपल्या आवडीचे नाव कितव्या पानावर आहे, एवढे पाहून झाले म्हणजे मग अंक घरातल्या दुसऱ्याच्या हाती जातो. हीच खोड एकदा विद्वानांच्या त्रैमासिकांवर आणि संशोधनपत्रिकांवर चालवून पाहावी. त्यांचे जुने अंक काढून अनुक्रमणिकेतील स्त्रियांची नावे मोजू लागलो, तर मोजणी फार लवकर संपते. आता दिवस पालटले आहेत हे खरे. तरीही युनेस्कोच्या हिशेबाप्रमाणे जगातल्या संशोधकांत स्त्रिया सुमारे एक तृतीयांशच भरतात. परंतु नावे मोजून हा प्रश्न पुरता कळत नाही. तो कळावयाचा तर आपल्याला महाडला गेले पाहिजे.

महाडचे नाव निघाले की २० मार्च १९२७ आणि चवदार तळे आठवते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथे मनुस्मृतीचे दहन झाले, हेही शाळेतली मुले सांगतील. पण त्या डिसेंबरच्या परिषदेनंतर डॉ. आंबेडकर तेथे जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, ही गोष्ट किती घरांत ठाऊक आहे? मुलींना शिकवा, जातीची खूण सांगणारे नेसणे आणि दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले आणि त्या बायांनी लुगडे नेसण्याची रीत बदलली. गावोगावच्या वाटा तुडवत आलेल्या बायका परतताना निराळ्या दिसत होत्या. पुढे दलित स्त्रियांच्या चळवळीने २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळण्यास प्रारंभ केला, त्याचे मूळ येथे आहे.

याच्या दहा वर्षे आधी, मे १९१७ मध्ये, आंबेडकरांचा जातिसंस्थेवरील निबंध 'इंडियन अँटिक्वरी' या संशोधनपत्रिकेत छापून आला होता. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांच्या आधारावरच जात टिकते, म्हणजे जातीचे कुंपण स्त्रीच्या देहावर उभे आहे, असे त्यांनी त्यात दाखवून दिले होते. ही मांडणी छापणाऱ्या पत्रिकेचा मान ठेवूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. स्त्रीविषयी लिहिण्यास पत्रिकांत जागा होती. स्त्रीने लिहिण्यास ती फारशी नव्हती. महाडला जमलेल्या बायांपैकी कुणाचे म्हणणे तिच्याच शब्दांत विद्वानांपर्यंत पोहोचावे, अशी तर सोयच नव्हती.

ती उणीव भरून काढली ती ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी. त्यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आले. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रिया दोघींनी शोधून काढल्या, त्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलते केले, आणि त्यांच्या मुलाखतींपुढे चळवळीचा इतिहास जोडला. पुस्तकाच्या नावातील 'ही' हे अक्षर फार बोलके आहे. त्यात तक्रार आहे आणि हक्कही आहे.

टीकाकाराने भिडस्त राहू नये, म्हणून या पुस्तकाच्या उणिवाही सांगतो. आठवणीवर भिस्त असल्यामुळे कालक्रम काही ठिकाणी सैल होतो, आणि आदर एवढा दाट आहे की उलटतपासणीला पुरेशी जागा उरत नाही. परंतु या उणिवा कुणी दाखवायच्या होत्या? संशोधनपत्रिकेचे काम केवळ छापण्याचे नसते. लेख जाणकारांकडे जातो, ते शंका काढतात, पुरावा मागतात, लेखक दुरुस्ती करतो आणि ज्ञान घासून लखलखीत होते. ज्यांना त्या घासणीचा लाभच मिळत नाही, त्यांच्या लेखनावर पुन्हा कच्चेपणाचा ठपका ठेवणे हा न्याय नव्हे. या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर २००८ साली निघाले, तेव्हा दूरच्या अभ्यासकांना ते मोलाचे वाटले. मजकूर तर तोच होता!

मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'ने १९८०च्या दशकात स्त्री-अभ्यासासाठी वेगळी पुरवणी सुरू केली, हे तिचे श्रेय आहे. याच साप्ताहिकात १९९५ साली गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळे का बोलतात, हा प्रश्न मांडला, आणि १९९८ साली शर्मिला रेगे यांनी त्याच्याशी वाद घालीत तो पुढे नेला. दोन्ही लेख महत्त्वाचे आहेत. पण त्यांतला एक पुरुषाचा आणि दुसरा दलितेतर स्त्रीचा, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. रेगे यांना याची पुरती जाण होती. २००६च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनाच मध्यभागी बसवले.

कुणी म्हणेल, विद्येला स्त्री-पुरुष भेद कसला? लेखाचा दर्जा पाहावा म्हणजे झाले. उत्तम! मग परीक्षकाला लेखकाचे नाव कळू देऊ नये. 'बिहेव्हियरल इकॉलॉजी' या परदेशी पत्रिकेने २००१ साली हे केले. त्यानंतर तिच्यात स्त्रिया प्रथम लेखक असलेल्या लेखांचे प्रमाण वाढल्याचे काही संशोधकांनी २००८ साली दाखवले. ती वाढ नाव झाकल्यामुळेच झाली का, यावर मात्र वाद झाला. नाव झाकणे चांगलेच, पण ते पुरेसे नाही. नाव झाकले तरी भाषा झाकत नाही, विषय झाकत नाही, आणि पुरावा म्हणून कागद आणला की एखाद्या म्हातारीचे बोलणे, हेही झाकत नाही. उंबरठा खरा तेथे आहे.

पोलादपूरसारख्या गावात, आंबेनळी आणि कशेडी या दोन घाटांच्या पायथ्याशी, एखादी अध्यापिका सकाळची चूल, वर्ग आणि संध्याकाळचा घरचा अभ्यास सांभाळून संशोधन करू पाहत असेल, तर तिला मोठे ग्रंथालय जवळ नाही. पण एक संपत्ती तिच्या जवळ आहे, जी शहरातल्या प्राध्यापकाला नाही : आजूबाजूच्या वाड्यांतल्या वृद्ध बायांची स्मृती. त्यांनी आपल्या आयांकडून, सासवांकडून १९२७च्या गोष्टी ऐकल्या असतील. त्या नाव, गाव आणि सांगितल्याची तारीख घालून नीट उतरवून घेतल्या, तर तो पुरावाच आहे. आणि मराठीत लिहिलेला असा लेख पारखून घेणे हे आपल्या पत्रिकांचे कर्तव्य आहे. परीक्षक मंडळात स्त्रिया, आणि त्यांतही दलित स्त्रिया, असल्याखेरीज ही पारख व्हायची नाही.

२०२७ हे महाडच्या सत्याग्रहाच्या शताब्दीचे साल. शताब्दीला विशेषांक निघतात, तैलचित्रे लागतात, भाषणे होतात. त्या विशेषांकांची अनुक्रमणिका उघडाल तेव्हा, वाचकहो, आपली जुनी खोड विसरू नका. महाडच्या बायांविषयी कोण बोलते आहे ते पाहा, आणि त्यांच्या लेकी-नातींची नावे कितव्या पानावर आहेत तेही पाहा.